न्यूट पुन्हा पुन्हा खाणं सोडतो: अन्न बदलण्याआधी तारखा मांडा

पंधरा-वीस दिवस व्यवस्थित खाणारा न्यूट (टाकीत पाळला जाणारा, पालीसारखा दिसणारा उभयचर) एका संध्याकाळी तोंड फिरवतो. गांडुळाचा तुकडा नाकाशी नेला तरी ढिम्म हलत नाही. तीन-चार दिवसांनी आपोआप खायला लागतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. कधी सोबतीला पाण्याबाहेर येऊन दगडावर बसणं किंवा काचेला चिकटून राहणंही असतं. अशा वेळी पहिला हात जातो तो अन्नाकडे: ब्लडवर्म (डासासारख्या माशीच्या लाल अळ्या) सोडून डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव), डॅफ्निया सोडून गोळ्या. त्याने फारसं काही साधत नाही, उलट न खाल्लेलं अन्न तळाशी कुजून पाणी बिघडतं.

एकदाच घडलेल्या उपवासाचं कारण शोधणं अवघड असतं. वारंवार घडणाऱ्याचं तसं नसतं, कारण प्रत्येक कारणाला स्वतःची लय असते. कात टाकण्याची वेगळी, उन्हाळी दुपारची वेगळी, फिल्टर धुण्याची वेगळी आणि ऋतू पालटण्याची वेगळी. तेव्हा आधी हे ठरवा की उपवास दर किती दिवसांनी येतो आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत टाकीत काय झालेलं असतं.

आधी वही

चार ते सहा आठवडे रोज दोन ओळी लिहा. तारीख, सकाळचं आणि दुपारी ३-४ वाजताचं पाण्याचं तापमान, काय दिलं, न्यूटने ते खाल्लं, तोंडात घेऊन थुंकलं की बघितलंच नाही, आणि दिवसभर तो कुठे होता (तळाशी, वनस्पतीत, पृष्ठभागाशी, पाण्याबाहेर). पाणी बदललं, फिल्टर धुतला, नवीन दगड किंवा झाड आणलं, तर तेही. 'थुंकलं' आणि 'बघितलंच नाही' हे वेगळं लिहायचंच. थुंकणाऱ्या न्यूटला भूक असते, तक्रार घासाबद्दल असते. न बघणाऱ्याला भूकच नसते, म्हणजे कारण पाण्यात, तापमानात किंवा त्याच्या शरीरात आहे.

तापमापक काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्टीचा असेल तर तो बाजूला ठेवा. तो पाण्याचं आणि खोलीचं तापमान एकत्र करून दाखवतो. ज्याचं टोक पाण्यात बुडतं असा डिजिटल तापमापक घ्या. तो तपासायचा असेल तर पेल्यात बर्फाचा चुरा भरून जेमतेम पाणी घाला, ढवळा, दोन मिनिटांनी ० अंश दिसायला हवं. एका अंशाची चूक असेल तर ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आठवड्यातून एकदा वजनही करा. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, त्यावर झाकणाचा डबा आणि डब्यात ओला टिश्यू पेपर. धडधाकट प्रौढ न्यूट दोन-तीन आठवडे न खाता सहज काढतो. वजन जागच्या जागी असेल तर कारण शोधायला वेळ आहे. महिन्यात दहा टक्क्यांहून जास्त घट झाली, किंवा शेपटीचं मूळ बारीक होऊन कमरेची हाडं दिसू लागली, तर वही पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

आणखी एक, जात नक्की करा. न्यूट म्हणजे एक प्राणी नव्हे; सॅलमँडरच्या कुळातल्या शंभराहून अधिक जातींना मिळून हे नाव आहे. लाल पोटाचा चिनी न्यूट जेमतेम ६ ते १० सेंटीमीटरचा आणि प्रौढपणी जवळजवळ पूर्ण वेळ पाण्यात राहणारा. स्पेनचा बरगडीवाला न्यूट त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा आणि उष्णतेला थोडा जास्त सोसणारा. युरोपातला तुरेवाला न्यूट वर्षातला मोठा काळ जमिनीवर काढतो. एकाच्या बाबतीत जे दुखणं, ते दुसऱ्याच्या बाबतीत वेळापत्रक असतं.

दर एक-दोन आठवड्यांनी, एक-दीड दिवस

ही कात आहे. उपाय नको.

कात टाकायच्या आदल्या दिवशी रंग मळकट दिसतो, अंगावर निळसर-पांढुरकी साय आल्यासारखी वाटते. मग न्यूट नाकाड दगडावर घासतो, जबड्याच्या कडेला कातडी सुटते आणि अंगातला सदरा काढावा तशी मागे सरकत जाते. पुढचे पाय सुटले की तो वळून कातीचं टोक तोंडात धरतो, शेपटीपर्यंत ओढतो आणि गिळून टाकतो. त्यातलं पोषण वाया जात नाही आणि त्या दिवशी पोटही भरलेलं असतं. कधी कात न खाता सोडून दिली तर ती पाण्यात तरंगते: पारदर्शक, बोटांसकट अख्ख्या हातमोज्यासारखी. नवखा माणूस ती बघून घाबरतो. जाळीने काढून टाका, बस्स.

काळजी कधी करायची? कात दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागली तर. पाण्यातलं काहीतरी कातडीला झोंबतंय असा त्याचा अर्थ असतो. खालचा फिल्टर आणि पाण्याचा भाग वाचा. बोटांना किंवा शेपटीला तुकडा अडकून राहिला तर ओढू नका. खडबडीत दगड किंवा झाडाची मुळी ठेवा, तो स्वतः घासून काढतो.

दुपारी बिघडतं, पहाटे सुधारतं

वारंवार येणाऱ्या उपवासात सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. लाल पोटाच्या न्यूटना १६ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. आल्प्समधले आणि तुरेवाले न्यूट त्याहून गार पाण्यात, १० ते १८ अंशांत, खुशीत असतात. पारा २४ च्या वर दिवसेंदिवस राहिला तर बहुतेक जातींचं खाणं आधी कमी होतं, मग थांबतं. उष्णकटिबंधातल्या माशांच्या टाकीचा हिशोब इथे लावला की गाडी चुकते. न्यूटच्या टाकीत हीटर नसतोच.

कारण साधं आहे. १० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ११.३ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.५. प्रौढ न्यूटला फुप्फुसं असतात, तो वर येऊन हवेचा घोट घेतो, पण प्राणवायूचा बराच भाग कातडीतूनही येतो. पाणी तापतं तशी शरीराची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. सोबतीला जिवाणू जोमाने वाढतात. अशा अवस्थेत खाणं हा परवडणारा खर्च नसतो. सकाळी आणि दुपारी प्रत्येकी पंधरा मिनिटं बसून तो किती वेळा वर येतो ते मोजा. दुपारी फेऱ्या ठळक वाढत असतील तर वहीतलं तापमान तुमच्याशी बोलतंय.

गार करण्याचा क्रम असा ठेवा.

१. उष्णता आणणाऱ्या गोष्टी काढा. खिडकीचं ऊन, टाकीला टेकलेला दिवा आणि पाण्यात बुडालेली पंपाची मोटर. पंप जितके वॅट खातो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यात उष्णता होऊन राहते. हवेवर चालणारा स्पंज फिल्टर हे दुखणंच मिटवतो, त्याची मोटर बाहेर असते. टाकी उंच फळीवर असेल तर खाली आणा. खोलीत जमिनीलगतची हवा गार असते.

२. काचेचं झाकण काढून बारीक जाळीचं बसवा. चारही बाजूंनी घट्ट. ओल्या काचेवर न्यूट पोटाच्या चिकटण्याने सरळ चढतो आणि त्याला एका बोटाएवढी फट पुरते. कपाटामागे वाळून सापडलेला न्यूट ही या छंदातली सगळ्यात नेहमीची दुर्घटना आहे.

३. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावा. खोलीतली हवा कोरडी असेल तर २ ते ४ अंश सहज उतरतात, दमट हवेत कमी. पाणी उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून उडालेली भर काढायला आरओचं पाणी वापरा. पाणी बदलताना मात्र नेहमीचं क्लोरीन काढलेलंच, नुसतं आरओचं नको.

४. गोठवलेली बाटली हा तात्पुरता इलाज. हिशोब करून बघा: अर्धा लिटर बर्फ वितळून पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे २१० किलोज्यूल उष्णता घेतो आणि ६० लिटर पाणी एक अंश उतरवायला २५० किलोज्यूल लागतात. म्हणजे एवढ्या टाकीत एक बाटली टाकून एक अंशसुद्धा पुरता कमी होत नाही. तीच बाटली १० लिटरच्या डब्यात टाकली तर ५ अंशांचा झटका बसतो. मोठ्या टाकीत निरुपयोगी, छोट्यात धोक्याची. याउलट पंख्याने एक लिटर पाणी उडालं तर तशा अकरा-बारा बाटल्यांइतकी उष्णता निघून जाते. तापमान तासाला दोन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका.

५. एवढं करूनही दुपारचा आकडा २३ च्या खाली येत नसेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. महाग असतो, गोंगाट करतो आणि स्वतः खोलीत गरम हवा सोडतो, तरी थंड प्रदेशातली जात उष्ण जागी ठेवायची तर त्याला पर्याय नाही. खरं सांगायचं तर जात निवडतानाच हा विचार व्हायला हवा होता.

उलट टोकही लक्षात ठेवा. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की पचन मंदावतं आणि न्यूट आठवड्याला एखादा घास घेतो. तो आजारी नाही. खाणं कमी द्या, तापवू नका.

फिल्टर धुतल्यावर दोन-चार दिवसांनी

वहीत 'फिल्टर धुतला' आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी 'पाण्याबाहेर बसला, खाल्लं नाही' असं दोनदा आलं तर पुढे शोधायची गरज नाही. न्यूटच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. स्पंज नळाखाली चकाचक धुतला की क्लोरीनने हे जिवाणू मरतात. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ, आणि अमोनिया मात्र चढत जातो. आठवडा-दोन आठवड्यांत जिवाणू पुन्हा जम बसवतात, न्यूट खायला लागतो, पुढच्या महिन्यात स्पंज पुन्हा चकाचक होतो. चक्र चालू राहतं ते स्वच्छतेच्या हौसेने.

थेंबांचं तपासणी किट घ्या, कागदी पट्ट्या ढोबळ असतात. धुण्याआधी आणि धुतल्यावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशी मोजा. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास, ४० च्या वर नको. अमोनियाचा आकडा वाचताना पीएच सोबत बघा. २० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.४ टक्के विषारी रूपात असतो, पीएच ८ असेल तर जवळपास ४ टक्के. किटवर रंग तोच, विष दहापट.

अमोनिया ०.५ मिलिग्रॅम किंवा जास्त दिसला तर अर्धं पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून गरजेप्रमाणे बदला, दोन-तीन दिवस खायला घालू नका. पुढच्या वेळेपासून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत, दोन-चार वेळा पिळा. दोन स्पंज असतील तर या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरा. स्पंज तपकिरी दिसणारच. तो पांढरा करायचा नाही.

उपवास धुण्यानंतर नाही तर पाणी बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी येत असेल, तर संशय क्लोरीनवर किंवा तापमानाच्या फरकावर घ्या. नळाचं पाणी उघड्या बादलीत बुडबुडे सोडणारा हवेचा दगड (एअरस्टोन) लावून २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी घातलं जाणारं क्लोरामाइन मात्र उडत नाही; त्याला सोडियम थायोसल्फेटसारखं औषध लागतं, आणि तेव्हाही त्यातला अमोनिया मोकळा होतो, म्हणून अमोनिया बांधून ठेवणारं औषध निवडा. नवीन आणि जुन्या पाण्यात दोन अंशांहून जास्त फरक नको. आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलणं पुरतं.

टाकी सुरू करून दोन महिने झाले नसतील तर फार खोलात जाऊ नका. जिवाणूंचा जम बसायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि न्यूट त्याआधी सोडला असेल तर हा त्रास व्हायचाच. आकारमान तोकडं असेल तरीही तेच: दोन मध्यम न्यूटना ४० लिटर पाणी आणि पुढच्या प्रत्येकासाठी किमान १०-१५ लिटर धरा.

इथेच प्रवाहाचाही विचार करा. बहुतेक न्यूट तळी, डबकी, संथ चर अशा साचलेल्या पाण्यातले. फिल्टरचा झोत त्यांना सतत ढकलत राहिला की ते कोपऱ्यात किंवा पाण्याबाहेर दडतात आणि झोतात वाहणाऱ्या घासाच्या मागे जात नाहीत. पाण्यात डॅफ्निया सोडून बघा. ते फिरत फिरत एकाच बाजूला ढकलले जात असतील तर झोत जास्त आहे. डोंगरी ओढ्यातल्या काही जाती याला अपवाद आहेत, त्यांना गार आणि हलतं पाणी हवं असतं.

तोंडात घेतो आणि थुंकतो

आता अन्न. गांडूळ हे न्यूटचं सगळ्यात भरवशाचं खाणं, पण सगळी गांडुळं सारखी नाहीत. खताच्या ढिगात वाढणारं तांबडं, आडवे पिवळसर पट्टे असलेलं गांडूळ (आयसेनिया फेटिडा) डिवचलं किंवा कापलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं. न्यूट ते झडप घालून पकडतो, क्षणभर थांबतो, डोकं झटकतो आणि बाहेर फेकतो. दोन-तीनदा असं झालं की तो गांडुळाकडे बघायचाही बंद होतो. बागेच्या मातीतलं साधं गांडूळ, कीटकनाशक न मारलेल्या जागेतलं, द्या. तांबडंच मिळत असेल तर कापून पाण्याखाली नीट धुवा. काही न्यूट तेवढ्यावर तयार होतात, काही कधीच होत नाहीत.

तुकड्याची जाडी न्यूटच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, लांबी एक-दीड सेंटीमीटर. पाण्यातला न्यूट घास चावत नाही. तो तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट घास आत ओढतो. लांब तुकडा अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो, दुसरं टोक वळवळतं आणि मग थुंकणं होतं.

गोठवलेले ब्लडवर्म पूर्ण वितळवून बारीक जाळीत धुऊन द्या. डॅफ्निया आणि व्हाइटवर्म (बारीक पांढरे किडे) बदल म्हणून चांगले. फक्त ब्लडवर्मवर वर्ष काढू नका. मीलवर्म या भुंग्याच्या अळीचं कवच कठीण असतं, पचत नाही. सस्तन प्राण्यांचं मांस चरबीचं, नकोच. खाऊ म्हणून सोडलेल्या गोल्डफिशच्या अंगात ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन तोडणारं विकर असतं आणि त्यांच्यासोबत परजीवी येतात.

देण्याची पद्धत: मऊ टोकाचा चिमटा, तिन्हीसांजेची वेळ, दिवा मंद. घास तोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर पुढे आणि थोडा बाजूला धरा, अगदी हळू हलवा. न्यूट आधी मान तिरकी करतो, मग एक-एक पाऊल टाकत जवळ येतो, नाकाड घासाला जवळपास टेकवून हुंगतो, आणि तेव्हाच तोंड मारतो. या हुंगण्याच्या क्षणी घास जोरात हलवला की तो बिचकतो. लोक नेमके तिथेच घाई करतात. दहा मिनिटांत घेतलं नाही तर उचला. तळाला राहिलेलं अन्न दोन-तीन तासांत बाहेर.

किती द्यायचं यात गफलत फार होते. प्रौढाला आठवड्यातून दोन ते तीन वेळा, एका वेळी दोन-तीन तुकडे. वरून बघताना पोटाची रुंदी डोक्याएवढी असावी. डोक्यापेक्षा पोट ठळक रुंद असलेला न्यूट 'खात नाही' म्हणून चिंता करणाऱ्यांनी त्याला आठवडाभर सुट्टी द्यावी. मात्र पोट फुगलेलं, विष्ठा नाही आणि तळाला वाटाण्याएवढी रेती, असं असेल तर खडा गिळलेला असू शकतो. तळाला एक तर बारीक वाळू किंवा न्यूटच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे. मधलं काही नको.

दर वर्षी त्याच महिन्यांत

तापमान ठीक, पाणी ठीक, आणि तरीही न्यूट दरवर्षी ठरावीक काळात पाणी सोडतो. ही तक्रार बहुतेक वेळा न्यूटचं आयुष्य न समजल्यामुळे असते. युरोपातले गुळगुळीत आणि तुरेवाले न्यूट वसंतात तळ्यात उतरतात, प्रणय करतात, मादी एकेक अंडं पाणवनस्पतीच्या पानात मागच्या पायांनी दुमडून ठेवते. तुरेवाल्या मादीची अशी दोन-तीनशे अंडी असतात आणि गुणसूत्रातल्या एका दोषामुळे त्यातली निम्मी वाढतच नाहीत, तेव्हा अंडी पांढरी पडली म्हणून पाण्याला दोष देऊ नका. मोसम संपला की प्रौढ जमिनीवर येतात आणि ओंडके, दगड, पालापाचोळा यांच्याखाली राहतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचा न्यूट तर पिल्लूपणानंतर नारिंगी-लाल रंगाचा होऊन दोन-तीन वर्षं, कधी सातपर्यंत, जंगलाच्या जमिनीवर काढतो आणि मग हिरवट होऊन पाण्यात परततो.

अंगावरून ओळख पटते. जलावस्थेत कातडी गुळगुळीत आणि चमकदार, शेपूट उभं रुंद, नराला तुरा. स्थलावस्थेत शेपूट बारीक-गोलसर, तुरा नाहीसा, कातडी मखमलीसारखी कोरडी. बॅटरीचा उजेड तिरका टाकून बघा: स्थलावस्थेतल्या न्यूटच्या पाठीवर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावर असतं तसं थेंब होऊन उभं राहतं. पाण्यात टाकला तर बुडबुड्यांचा रुपेरी थर अंगाला चिकटतो आणि तो धडपडत वर येतो. असा न्यूट जबरदस्तीने खोल पाण्यात ठेवला तर बुडून मरू शकतो.

खाण्याचं यंत्रही बदलतं. पाण्यात तो ओढून घेतो. त्यासाठी जलावस्थेत ओठांच्या कडांना कातडीच्या घड्या येतात. जमिनीवर तो जीभ वापरतो. म्हणून जमिनीवरच्या न्यूटला पाण्यात ब्लडवर्म टाकून उपयोग नाही. टाकीचा किमान एक तृतीयांश भाग उताराने जोडलेली जमीन करा: ओलसर नारळाचा भुसा आणि शेवाळ, सालीचे दोन-तीन आडोसे, एक बाजू ओली आणि एक कोरडसर. तिथे छोटे रातकिडे, वुडलाइस (ओल्या लाकडाखालचे बारीक कवचधारी किडे), गांडुळाचे हलणारे तुकडे द्या. पाण्याची खोली ३ ते ५ सेंटीमीटर ठेवून त्यात भरपूर वनस्पती सोडा. तो कधी उतरायचं ते स्वतः ठरवेल.

प्रणयकाळातला नर हा याच लयीचा दुसरा भाग. मादीसमोर आडवा उभा राहून शेपूट दुमडून थरथरवत राहणारा नर दिवसचे दिवस खाण्याकडे लक्ष देत नाही. मादीला मात्र या काळात जास्त लागतं. मादी सतत वनस्पतीत दडत असेल आणि तिनेच खाणं सोडलं असेल, तर नराला दोन आठवडे वेगळं करा. एकाच घासावर दोघं झडप घालून पायाची बोटं तुटणंही घडतं. बोटं, अख्खा पायसुद्धा, पुन्हा उगवतो. तोवर पाणी स्वच्छ ठेवा. वेगवेगळ्या जाती किंवा मासे एकत्र ठेवू नका. न्यूटच्या कातडीत विष असतं, लाल पोटाच्या आणि खरखरीत कातडीच्या न्यूटमध्ये ते टेट्रोडोटॉक्सिन. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि हाताळायच्या आधीही, साबण पूर्ण जाईपर्यंत.

पिल्लांचं वेगळं

अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले एक-दोन दिवस पिवळ्या बलकावर जगतं. नंतर त्याला हलणारंच अन्न दिसतं: नुकते फुटलेले आर्टेमिया (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव), बारीक डॅफ्निया, दिवसातून दोनदा. आठवड्याच्या आत पिल्लं एकेक करून मरत असतील तर कारण जवळजवळ नेहमी उपासमार असते, पाण्यात मेलेले आर्टेमिया साचलेले असले तरी. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय येतात, न्यूटच्या पिल्लाला आधी पुढचे. बाहेरचे पिसासारखे कल्ले आखडू लागले की दोन दिवसांत खाणं थांबतं. रूपांतर चालू आहे. पाणी उथळ करा, उतार द्या. जमिनीवर आलेल्या, सुपारीहून हलक्या पिल्लाला ओल्या टिश्यूवर स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक किडे) आणि पंख नसलेल्या फळमाश्या रोज लागतात. न्यूट वाढवण्यातला सर्वात नाजूक टप्पा हाच.

लय सापडत नाही तेव्हा

उपवास अनियमित आहे आणि प्रत्येक वेळी लांबत चालला आहे, किंवा अंग पाण्याने फुगलंय, पोटा-पायांवर लाल डाग, कापसासारखी बुरशी, कातडीवर काळसर खड्डे दिसतात, तर हा आजार आहे. न्यूटला झाकणाच्या डब्यात १५-१६ अंशांवर, दोन सेंटीमीटर क्लोरीन काढलेल्या पाण्यात वेगळं ठेवा, टेकायला ओला टिश्यू द्या, पाणी रोज बदला आणि उभयचर बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. माशांची औषधं घालू नका. तांबं असलेली तर मुळीच नकोत. ही कातडी सगळं शोषून घेते. कातडीवरचे खड्डे विशेष गंभीर धरा: २०१३ मध्ये ओळखली गेलेली बीसॅल ही बुरशी न्यूट-सॅलमँडरना झपाट्याने मारते आणि नवीन आणलेल्या प्राण्यासोबत येते. नवीन न्यूट दोन ते तीन महिने वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळी-चिमट्यासह. आजारी टाकीचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय ओढ्यात किंवा बागेत ओतायचं नाही आणि पाळलेला न्यूट कधीच बाहेर सोडायचा नाही.

उपवास सुटला की पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मं द्या, गांडुळाचा एकच तुकडा. दोन दिवस थांबा. विष्ठा दिसली, घास ओकून टाकला नाही, तर दुसरी खेप नेहमीची. वहीत तारीख टाका आणि मागच्या उपवासापासून किती दिवस झाले ते शेजारी लिहा.